समासातला ‘जस्टिफाय’: हर्णै किनाऱ्यावरील एका पत्रव्यवहाराचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२० मध्ये दापोली तालुक्यातील हर्णै परिसरातल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीने मासळी वाहतुकीवर झालेल्या खर्चाचे विवरण मंजुरीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवले. दोन आठवड्यांनी ते परत आले. विवरणाच्या तिसऱ्या परिच्छेदाशेजारी, समासात, पेन्सिलीने एकच इंग्रजी शब्द लिहिलेला होता: ‘जस्टिफाय’. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हते, खाली सही नव्हती आणि कोणत्याही नियमाचा उल्लेख नव्हता. या एका शब्दाचा अर्थ लावताना सोसायटीची दोन उत्तरे फुकट गेली आणि जवळजवळ दोन महिने निघून गेले. मी या भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवले असल्यामुळे सोसायटीचे सचिव मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती फाइल घेऊन माझ्याकडे आले. सोसायटीच्या संमतीने आणि सर्व नावे वगळून ते प्रकरण येथे मांडत आहे, कारण त्यात अडलेला शब्द आपल्या कार्यालयांत, परीक्षांत आणि न्यायालयांत रोज वापरला जातो आणि त्याचा मराठी अर्थ आपण बहुतेक वेळा अर्धाच लावतो.

खर्च कसा वाढला

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की नव्या हंगामाची तयारी सुरू होते. ऑगस्ट ते डिसेंबर २०१९ या पाच महिन्यांसाठी सोसायटीला ‘मासळी वाहतूक’ या शीर्षाखाली ६०,००० रुपयांची तरतूद मंजूर झालेली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. सोसायटीच्या अकरा नौका त्या वेळी दक्षिणेकडे मासेमारीला गेलेल्या होत्या. हर्णैचा किनारा उघडा असल्यामुळे तेथील नौका वादळाच्या वेळी एरवी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, परंतु या वेळी तांडेलांनी, म्हणजे नौकांच्या प्रमुखांनी, उत्तरेकडे येण्याचा धोका पत्करला नाही आणि शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडच्या आसऱ्याला नौका नेल्या. खणांत आधी पकडलेली मासळी होती आणि बर्फ संपत आला होता. दिवाळी तोंडावर होती. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते.

नौका हलवता येत नव्हत्या, म्हणून सोसायटीने पिकअप टेम्पो भाड्याने घेऊन मासळी रस्त्याने आणली. जयगडहून तवसाळ आणि पुढे धोपाव्याहून दाभोळ अशा दोन फेरीबोटींनी येणारा मार्ग जवळचा आहे, परंतु तशा हवेत फेरीबोटींवर भरवसा ठेवता येत नव्हता, आणि टेम्पो महामार्गाने, चिपळूण आणि खेडवरून, फिरवून आणावे लागले. सणाच्या दिवसांत चालक मिळेनात आणि मिळाले त्यांनी सणाचे भाडे घेतले. एका फेरीला बर्फासह १२,५०० रुपये याप्रमाणे सात फेऱ्यांचे ८७,५०० रुपये झाले. पाच महिन्यांचा एकूण खर्च १,४६,५०० रुपयांवर गेला. विवरणाच्या तिसऱ्या परिच्छेदात हाच वाढीव खर्च नोंदवलेला होता.

पहिले उत्तर

सोसायटीच्या लेखनिक मुलीने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला होता. ‘जस्टिफाय’ हा शब्द तिला तेथे भेटला होता, आणि तो मजकुराच्या मांडणीपुरता. संगणकावर कंट्रोल आणि जे या दोन कळा एकत्र दाबल्या की परिच्छेदाच्या ओळी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही समासांना सारख्या भिडतात. त्या क्रियेला ‘जस्टिफाय’ म्हणतात. योगायोग असा की विवरणाचा तिसरा परिच्छेद दुसऱ्या कागदावरून उचलून आणलेला होता आणि बाकीचे परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ असताना त्याचीच उजवी कड दातेरी दिसत होती. शेरा नेमका त्याच परिच्छेदाशेजारी होता. तिने कड सरळ केली, विवरण पुन्हा छापले आणि पाठवून दिले.

तिचे वाचन चुकले, परंतु त्याला अज्ञान म्हणणे मला मान्य नाही. तिने शब्दाचा तिला ठाऊक असलेला अर्थ घेतला, समोरचा कागद त्या अर्थाशी ताडून पाहिला आणि दोन्ही जुळले म्हणून तसे केले; वाचणारा माणूस याहून वेगळे काही करत नाही. शिवाय हा अर्थ काही उपरा नाही. शिशाचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात जुळारी शब्दांमधल्या जागी लहानमोठ्या पट्ट्या भरून प्रत्येक ओळ ठरलेल्या रुंदीत घट्ट बसवत असे. ओळ सैल राहिली तर खिळे सुटत. या ओळ नेमकी बसवण्याच्या कामाला छापखान्यात हाच शब्द होता आणि संगणकाने तो तेथूनच उचलला. ओळ मापात बसली का, हे पाहायचे तर आधी माप ठरलेले असावे लागते, ही गोष्ट मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडली.

दुसरे उत्तर

विवरण पुन्हा परत आले, आणि या वेळी शेऱ्याखाली ‘एक्स्ट्रा एक्स्पेंडिचर’, म्हणजे वाढीव खर्च, असे शब्द वाढवलेले होते. आता सचिवांनी स्वतः उत्तर लिहिले. ते मराठीत लिहून मुलीकडून इंग्रजीत करून घेतले होते. मी ते वाचले तेव्हा मला त्याचे मोल जाणवले: वादळाची सूचना कधी मिळाली, नौका कोणत्या क्रमाने जयगडला पोचल्या, खलाशांनी काय खाल्ले, कोणता टेम्पो कोठे बंद पडला आणि चालकाने दिवाळीच्या रात्री गाडी हाकण्यासाठी काय मागितले, हे सारे त्यात होते. दोन पानांत एकही खोटा शब्द नव्हता. तरीही फेब्रुवारीअखेर कार्यालयाचे पत्र आले, आणि त्यात एक वाक्य असे होते: ‘द सोसायटी हॅज एक्स्प्लेन्ड द एक्स्पेंडिचर; इट हॅज नॉट जस्टिफाइड इट.’

सचिवांनी शब्दकोश उघडला. पहिल्या क्रियापदापुढे ‘स्पष्ट करणे’ आणि दुसऱ्यापुढे ‘समर्थन करणे, न्याय्य ठरवणे’ असे अर्थ होते. ‘न्याय’ हा शब्द दिसताच त्यांना ही कारणे दाखवा नोटीस वाटली. माझ्या पडवीत बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “सर, जे घडलं ते सगळं खरं लिहिलं. तरी हे म्हणतात न्याय दाखवा. आम्ही चोरी केली असं म्हणतात का हे?” त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याहून अधिक अपमान होता. मग ते लेखनिक मुलीकडे वळून म्हणाले, “बाय, ते पत्र सरांना वाचून दाखव.”

कार्यालयाने चोरीचा आरोप केलेला नव्हता, आणि कार्यालयाचे वाक्य इंग्रजी म्हणून बिनचूक होते. परंतु एका शब्दाचा शेरा मारून त्याचा अर्थ समोरच्याने ओळखावा अशी अपेक्षा ठेवणे मला आजही योग्य वाटत नाही. ज्याच्या उत्तरावर मंजुरी अवलंबून आहे, त्याला प्रश्न पुरत्या वाक्यात विचारला गेला पाहिजे.

शब्दाची उकल

बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला होता. मी वर्गात शब्द शिकवताना नेहमी तशीच दोन स्तंभांची पाटी आखत असे. त्या दुपारीही एका कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ ओढून आम्ही तिघे बसलो.

पहिल्या ओळीत ‘एक्स्प्लेन’ घेतला. एखादी गोष्ट न समजलेल्या माणसाला ती समजेल अशी उलगडून सांगणे, हे त्याचे काम. त्याने घडलेल्या गोष्टीची बाजू घ्यावी लागत नाही. भरतीचे पाणी का चढते हे ‘एक्स्प्लेन’ करता येते, आणि घरफोडी कशी झाली हेही ‘एक्स्प्लेन’ करता येते. पोलीस घरफोडीची उकल करतात म्हणून कोणी त्यांना घरफोड्यांचे समर्थक म्हणत नाही. ‘जस्टिफाय’चे काम निराळे आहे. झालेली किंवा करायची गोष्ट कोणत्या तरी मान्य मापाने योग्य होती असे दाखवणे, हे ते काम. म्हणून भरतीचे पाणी ‘जस्टिफाय’ करता येत नाही. तेथे निर्णय घेणारे कोणी नाही, आणि जेथे दुसरे काही करण्याची मोकळीक नव्हती तेथे योग्य-अयोग्य ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठी बोलणाऱ्याला हा भेद पटकन लक्षात न येण्याचे कारण आपल्या ‘का’ आणि ‘कारण’ या शब्दांत आहे. ‘भिंत का पडली?’ आणि ‘भिंत का पाडली?’ या दोन्ही प्रश्नांना आपण ‘कारण’ सांगतो. पहिल्याचे उत्तर ‘पाऊस झाला म्हणून’ असे येते आणि दुसऱ्याचे ‘ती धोक्याची झाली होती म्हणून’ असे येते. ‘म्हणून’ तोच, वाक्याचा साचा तोच. पहिले उत्तर घटनेमागची कार्यकारणाची साखळी सांगते, दुसरे निर्णयामागचा विचार सांगते. आपल्या भाषेजवळ हा भेद मुळातच नाही असे मात्र नव्हे. ‘कशामुळे’ हा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे. ‘कशासाठी’ आणि ‘कोणत्या आधारावर’ हे दुसऱ्या प्रकारचे आहेत. सचिवांचे दोन पानी पत्र ‘कशामुळे’ या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर होते. ‘कोणत्या आधारावर’ याला त्यात एकही ओळ मिळालेली नव्हती.

मग उजव्या स्तंभात मराठी शब्द लिहू लागलो तेव्हा प्रत्येक शब्दाची स्वतःची अडचण दिसली. ‘समर्थन’ हा कोशातला पहिला शब्द, परंतु आज तो पाठिंबा या अर्थाने इतका रुळला आहे की ‘खर्चाचे समर्थन करा’ म्हटले की ऐकणाऱ्याला बचावाच्या पवित्र्यात उभे राहावेसे वाटते. ‘खुलासा’ हा सरकारी पत्रव्यवहारातला लाडका शब्द ‘एक्स्प्लेन’च्या बाजूचा आहे. ‘कैफियत’ दिवाणी दाव्यात प्रतिवादी दाखल करतो, त्यामुळे तिला वादाचा वास आहे. ‘सबब’ या शब्दाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते: अर्जाच्या शेवटी आपण ‘सबब, अर्ज मंजूर व्हावा’ असे लिहितो तेव्हा त्याचा अर्थ ‘या कारणास्तव’ असा निर्मळ असतो, आणि ‘तो नेहमी काही तरी सबब सांगतो’ असे म्हणतो तेव्हा तोच शब्द टाळाटाळीचा होतो. कारण देणाऱ्याविषयी ऐकणाऱ्याला वाटणारा संशय एकाच शब्दात कसा साठत जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही.

शेवटी ‘रास्त’ या शब्दाशी आम्ही थांबलो. इंग्रजी क्रियापद लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत रुळले. त्याच्या पूर्वार्धात ‘न्याय्य’ या अर्थाचा शब्द आहे आणि उत्तरार्धात ‘करणे’ या अर्थाचा, म्हणजे अक्षरशः ‘न्याय्य करणे’. फारसीतून आलेल्या आपल्या ‘रास्त’चा मूळ अर्थ ‘सरळ’ असा आहे, आणि त्यावरून ‘योग्य’, ‘खरा’. रास्त भाव दुकानाची पाटी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की रास्त भाव म्हणजे मापाला धरून असलेला भाव. लेखनिक मुलीने सरळ केलेली परिच्छेदाची कड आणि कार्यालयाला हवा असलेला खर्चाचा रास्तपणा, या दोन्ही गोष्टी या एका शब्दात जवळ येतात, आणि हे तिला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा दोन महिन्यांचा संकोच उतरलेला मी पाहिला. ‘वाढीव खर्च रास्त होता हे दाखवा’: पेन्सिलीतल्या त्या शब्दाचे मी केलेले भाषांतर हे आहे.

या क्रियापदाचे आणखी दोन वापर सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे त्याच्या अर्थाची हद्द कळते. ख्रिस्ती धर्मविचारात त्याचा अर्थ मनुष्याला ईश्वरापुढे निर्दोष ठरवणे असा आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि रोमन चर्च यांच्यातला मोठा वाद याच संकल्पनेवर झाला, आणि मराठी बायबलात तिच्यासाठी ‘नीतिमान ठरविणे’ असा शब्दप्रयोग आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ७९ व्या कलमात कायद्याने समर्थनीय असलेले कृत्य अपराध ठरत नाही असे म्हटले होते, आणि ८४ व्या कलमात मनोविकल व्यक्तीचे कृत्य अपराध नाही असे म्हटले होते. दोन्हीकडे माणूस सुटतो, पण सुटण्याची तऱ्हा वेगळी. पहिल्यात कृत्यच योग्य ठरते. दुसऱ्यात कृत्य योग्य नसते, फक्त त्याचा दोष त्या माणसावर येत नाही. दुसऱ्या तऱ्हेला इंग्रजीत ‘एक्स्क्यूज’ म्हणतात. सचिवांच्या पत्राचा शेवट ‘वादळापुढे आमचा नाइलाज होता’ असा होता. ते ‘एक्स्क्यूज’ झाले. नाइलाज म्हटला की निर्णय उरत नाही, आणि निर्णय उरला नाही तर तो रास्त होता असे दाखवण्याची संधीही उरत नाही. सोसायटीने मात्र खरोखर निर्णय घेतलेला होता, आणि माझ्या मते चांगला घेतलेला होता. पत्राने तोच झाकून टाकला.

कोळणी जे आधीपासून म्हणत होत्या

व्याकरणाकडे वळल्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. मी सांगत होतो की ‘जस्टिफाय’चा कर्ता नेहमी माणूस असतो असे नाही, इंग्रजीत वस्तू किंवा परिस्थितीही कर्त्याच्या जागी बसते. उदाहरण म्हणून मी ‘द कॅच डिड नॉट जस्टिफाय द डिझेल’ हे वाक्य लिहिले आणि त्याचे मराठी ‘मिळालेल्या मासळीने डिझेलच्या खर्चाचे समर्थन केले नाही’ असे करून दाखवले. सचिव थोडा वेळ त्या वाक्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, असं कोण बोलत नाही. आमच्याकडे म्हणतात, डिझेल सुटलं नाही.”

माझे वाक्य त्या क्षणी निकाली निघाले. हर्णैच्या वाळूवर लिलाव आटोपल्यावर पाटी उचलणारी कोणतीही कोळीण हेच म्हणते: भाडे सुटले, बर्फ सुटला, डिझेल सुटले नाही. ‘खर्च सुटणे’ या प्रयोगात मिळकत आणि खर्च समोरासमोर ठेवून एकाने दुसऱ्याला रास्त ठरवण्याचा व्यवहार पुरता आलेला आहे. ‘परवडणे’ हाही त्याच कुळातला. मी वर्षानुवर्षे वर्गात ‘समर्थन’ शिकवत आलो, आणि निर्जीव कर्त्याच्या वापरासाठी अचूक मराठी प्रयोग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रोज बोलला जात होता, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. प्रश्न त्याच क्षणी सोपा झाला. मी सचिवांना विचारले, “टेम्पोचं भाडं सुटलं का?” ते ताडकन म्हणाले, “सुटलं म्हणजे? वर राहिले!” दोन पानी पत्रात न आलेले उत्तर हे होते.

तिसरे उत्तर

सचिव रोज एक वही लिहितात. २६ ऑक्टोबर २०१९ च्या पानावर त्यांनी दूरध्वनीवर कळलेले दर टिपले होते: जयगडला, आसऱ्याला आलेल्या नौकांची मासळी एकदम उतरल्यामुळे, मिश्र मासळीला किलोमागे ६० रुपये, हर्णैला, नौका न आल्यामुळे आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या पर्यटकांसाठी हॉटेलांची मागणी असल्यामुळे, ९० रुपये. ही नोंद आम्हाला मिळाली नसती तर तिसरे उत्तरही फसले असते असे माझे मत आहे. निर्णय झाल्यावर शोधून काढलेले कारण कितीही सुबक असले तरी ते त्या निर्णयाचे कारण नसते. इंग्रजीत त्याला ‘रॅशनलाइझ’ करणे म्हणतात आणि आपण त्याला मागाहून मुलामा देणे म्हणतो. दरांतला फरक सोसायटीला निर्णयाच्या वेळीच ठाऊक होता, हे त्या पानाने सिद्ध झाले.

हिशेब करताना मात्र एक अडचण निघाली. चालकांच्या पावत्या लावल्यावर दिसले की सातपैकी पाच टेम्पोंतून मासळी आली होती, प्रत्येकी सुमारे दीड टन. २९ तारखेच्या, भाऊबीजेच्या दिवशीच्या दोन टेम्पोंत ओली जाळी आणि घरी परतणाऱ्या खलाशांचे सामान होते. सचिवांना ते ठाऊक होते, पण तोही त्यांच्या दृष्टीने वादळाचाच खर्च होता, आणि ‘कशामुळे’ या प्रश्नापुरते ते खरेही होते. मापाचा प्रश्न आला तेव्हा गोष्ट पालटली, कारण शीर्ष ‘मासळी वाहतूक’ असे होते आणि जाळी म्हणजे मासळी नव्हे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सचिवांनीच सांगितले की दोन फेऱ्या वेगळ्या दाखवाव्यात.

उत्तर दीड पानाचे झाले. वादळाची हकिगत त्यात तीन ओळींत आली. पुढे सोसायटीसमोर त्या दिवशी कोणते मार्ग खुले होते हे लिहिले: मासळी जयगडलाच विकणे, जवळच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला नेणे, किंवा हर्णैला आणणे. मिरकरवाड्याचा उल्लेख आम्ही आपणहून केला, कारण दक्ष वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारील. तेथेही आसऱ्याच्या नौकांची मासळी उतरत असल्यामुळे दर पडलेले होते आणि सचिवांच्या वहीत त्याची नोंद होती. नंतर आकडे दिले. पाच फेऱ्यांत ७,५०० किलो मासळी आली. किलोमागे ३० रुपयांच्या फरकाने सभासदांना २,२५,००० रुपये अधिक मिळाले, आणि त्यासाठी ६२,५०० रुपये भाडे पडले. दिवाळीमुळे भाडे चढे होते हे मान्य केले आणि चार दिवस थांबून स्वस्त गाडी शोधली असती तर मासळीच उरली नसती असे लिहिले. २६ तारखेला दूरध्वनीवरून झालेला निर्णय समितीने नोव्हेंबरच्या पहिल्या सभेत ठरावाने कायम केला होता. त्या ठरावाची प्रत जोडली. उरलेल्या २५,००० रुपयांविषयी दोनच वाक्ये होती: या फेऱ्या जाळी आणि सामानासाठी होत्या, आणि त्या मंजूर शीर्षात बसतात असा सोसायटीचा दावा नाही, तरी विचार व्हावा.

पत्राचे इंग्रजी मुलीने केले आणि मी ते तपासले. तिच्या चुका अभ्यासण्याजोग्या होत्या. तिने ‘जस्टिफाइड टु हायर’ लिहिले होते. या क्रियापदापुढे दुसरी क्रिया आली तर ती ‘हायरिंग’ अशा रूपात येते, आणि ‘समितीचे करणे योग्य होते’ असे म्हणायचे असल्यास ‘जस्टिफाइड इन हायरिंग’ असे लिहावे लागते. एके ठिकाणी ‘वुई जस्टिफाय दॅट’ असे वाक्य होते. ‘एक्स्प्लेन’ला तसे चालते, कारण आपण एखादी गोष्ट अशी आहे असे समजावून सांगू शकतो, ‘जस्टिफाय’ला मात्र कर्माच्या जागी खर्च, निर्णय, कृती असे नामच हवे. ‘एक्स्प्लेन यू’ हेही तिने लिहिले होते, आणि ते तर माझ्या साऱ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले आहे. मराठीत ‘मला समजाव’ असे म्हणतात, त्यामुळे माणूस सरळ कर्माच्या जागी येऊन बसतो. इंग्रजीत मध्ये ‘टु’ लागतो. या तिन्ही चुका मराठी वाक्य मनात धरून इंग्रजी लिहिल्यामुळे झाल्या होत्या.

निर्णय आणि त्यानंतर

टाळेबंदीमुळे कार्यालयाचे पत्र मे महिन्यात आले. पाच फेऱ्यांचा वाढीव खर्च मंजूर झाला. जाळ्यांच्या दोन फेऱ्या नामंजूर झाल्या आणि २५,००० रुपये सोसायटीने आपल्या निधीतून भरले. सभासदांपैकी काहींना हा अन्याय वाटला, कारण जाळी कुजली असती तर नुकसान मासळीहून मोठे झाले असते. त्यांचे म्हणणे मला पटते, आणि तशी तरतूद शीर्षातच असायला हवी होती असेही मला वाटते. पण कार्यालयाने लावलेले माप मंजूर शीर्षाचे होते, आणि त्या मापाने दोन फेऱ्या बसत नव्हत्या. सचिवांनी हे सभेत समजावून सांगितले तेव्हा मी तेथे होतो. त्यांनी ‘समर्थन’ हा शब्द एकदाही वापरला नाही. ते म्हणाले की पाच टेम्पोंचे सुटले, दोनांचे कार्यालयाच्या वहीत सुटले नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि दापोली तालुक्याची फार मोठी हानी झाली. सोसायटीचे वार्षिक हिशेबपत्रक त्या वर्षी उशिरा गेले, आणि पावसाळा संपता संपता त्याच कार्यालयाचे पत्र आले. त्यातले क्रियापद ‘एक्स्प्लेन’ होते, आणि कर्म होते ‘द डिले’. या वेळी फाइल माझ्याकडे आली नाही. मुलीने उत्तर पाठवल्यावर मला केवळ त्याची प्रत दाखवली. तिने चार ओळी लिहिल्या होत्या: सोसायटीच्या छपराचे पत्रे उडाले, कपाटातील वह्या भिजल्या, वीज अनेक आठवडे नव्हती, आणि वह्या वाळवून पुन्हा नोंदी करण्यास ऑगस्ट उजाडला. उशीर योग्य होता असा दावा त्यात नव्हता, ठरावाची प्रत नव्हती, आकडे नव्हते. मी तिला विचारले, “आणखी काही लिहावंसं वाटलं नाही का?” ती म्हणाली, “सर, त्यांनी या वेळी फक्त कशामुळे एवढंच विचारलं होतं.”